८८ची बाटली मिळेना, दुसऱ्या कंपनीची घ्यावी का?

रामबागवाली
९ वर्षं एकाच कंपनीची थायरॉइडची गोळी घेते आहे, ८८ मायक्रोग्रॅम. महिना झाला, बाटली मिळत नाही. ५० घ्या, १०० घ्या, हवी तेवढी. ८८ म्हटलं की "दीदी, परसों आएगी". हा परसों तीन आठवडे चाललाय! काल तर दुकानदारानं "एक ही चीज़ है" म्हणून दुसऱ्याच कंपनीची पिशवीत टाकली. परत केली आणि भर उन्हात दवा बाजार पालथा घातला. एक बाटली निघाली, तिचीही एक्स्पायरी दोन महिन्यांवर. मागे एकदा अशीच कंपनी बदलली होती, तेव्हा टीएसएच (रक्ततपासणीतला थायरॉइडचा आकडा, गोळी कमी पडली की चढतो) २.१ वरून ७.४ वर गेला. डॉक्टरांनी लिहिलेलं नाव हा कोण बदलणार?

सुदामानगरचे काका
अहो, आत लेव्होथायरॉक्सिनच ना? नावाला काय चिकटायचं! आमची सौ. मिळेल ती घेते, ठणठणीत आहे. आणि टीएसएच गोळीमुळेच चढला कशावरून? गोळी घशाखाली उतरायच्या आत चहा आणि पोहे-जलेबी, हे आपलं इंदूर.

रामबागवाली
काका, गोळी साडेसहाला, पोहे आठला, कॅल्शियम रात्री. हे मला पाठ आहे.

काउंटरच्या आतून
माझं स्वतःचं मेडिकल आहे. चिठ्ठीतलं औषध आपल्या मनानं बदलायचं नसतं, त्यात ताई बरोबर. पण आमच्या भागात चिठ्ठ्या येतात त्या ५०, ७५, १०० च्या. ८८ च्या दोन बाटल्या आणल्या की एक हमखास पडून राहते. शिवाय बाटली फोडून पंधरा गोळ्या सुट्या मागणारेही येतात. ही गोळी उष्णतेला, ओलीला नाजूक. मे महिन्यात उघडी बाटली मी कुणाच्या गळ्यात मारू?

वाचनवेडी
काका, "आत तेच" एवढ्यावर भागत नाही. २०१७ साली फ्रान्समध्ये याच औषधाच्या गोळीतलं भरावाचं लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक ॲसिड घातलं. औषध तेच, मात्रा तीच, तरी हजारो रुग्णांनी तक्रारी केल्या.

सुदामानगरचे काका
वा! म्हणजे तिथे कंपनी तीच होती आणि गोळी आतून बदलली. मग नावाला चिकटून त्यांना काय मिळालं? मुद्दा माझाच झाला.

वाचनवेडी
अर्धाच झाला. बदल झाला की टीएसएच पुन्हा बघावा लागतो, मग तो कंपनीचा असो की आतल्या मालमसाल्याचा. सौंचा शेवटचा कधी तपासलात?

सुदामानगरचे काका
…दिवाळीच्या आधी असेल.

पलासियाकर
भांडण पुरे. ताई, त्याच कंपनीची ७५ आणि १२.५ मिळून ८७.५ होतात. माझ्या डॉक्टरांनी मला तसंच लिहून दिलं आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करायला सांगितला. या औषधाचा परिणाम रक्तात स्थिरावायला तेवढा वेळ लागतो. तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, आपल्या मनानं करू नका. आणि मधे एखादा दिवस गोळी चुकलीच तर घाबरू नका.

रामबागवाली
विचारलं, चालेल म्हणाल्या. ७५ लगेच मिळाली. १२.५ परसों.