मदत हवी आहे: ढवळलेल्या पाण्यातला तळाचा प्रवाह पोरांना कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी, सांगलीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या पोरांकडून एक प्रयोग मांडायचाय. बीकरमध्ये पाणी, त्यात उकळून धुतलेली चहापावडर, चमच्यानं ढवळून चमचा काढला की पावडर कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. कारण माहितीये, फिरणारं पाणी कडेला चढतं म्हणून तिथं दाब जास्त, पण तळाशी घर्षणानं वेग कमी पडतो त्यामुळं तो दाब तिथलं पाणी आत ढकलतो, मग पाणी मधून वर जातं आणि पावडर जड म्हणून खालीच राहते. आइन्स्टाइननं 1926 मध्ये यावरूनच नदीची वळणं समजावली, म्हणजे आपली कृष्णा वळणावर बाहेरचा काठ का खाते आणि आतल्या बाजूला वाळू का टाकते ते. पोरांना खरी मजा यातच वाटतीये.

अडचण अशी की पावडर शेवटी कुठं जमली एवढंच दिसतं, पाणी आत येऊन वर जातंय ते दिसत नाही. पोटॅशियम परमँगनेटनं सगळंच जांभळं होतं. हळद (सांगलीत दुसरं काय सुचणार) अर्धी तरंगते, बाकीनं पाणी गढूळ. बीकरचा तळ सपाटच आहे, स्टिरर नाही, खर्च दोनशेच्या आत, आणि दिवसभर तेच पाणी चालायला हवं.

तरंगणारही नाहीत आणि बुडणारही नाहीत असे रंगीत कण कशाचे करायचे, आणि मीठ घालून पाण्याची घनता त्यांच्याशी जुळवली तर चालेल का?