अमेरिका अजूनही मैल आणि पौंडातच का मोजते?

साकीनाका_लेथ: आमच्या कारखान्यात अमेरिकी ग्राहकाची जी ड्रॉइंग येतात, त्यांवरील प्रत्येक माप इंचात असते. आपल्याकडे १९५७ च्या एप्रिलमध्ये सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि १९५६ च्या कायद्याने, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने का होईना, शेर-मण बाजारातून गेले. अमेरिकेने तर डॉलरचे शंभर सेंट १७९२ मध्येच केले होते. जो देश नाण्यांच्या बाबतीत आपल्यापुढे १६५ वर्षे होता, तो मापांपाशीच का अडला? हा निव्वळ हट्ट समजावा काय?

टॅप_आणि_डाय: हट्ट म्हणून विषय संपवता येणार नाही, कारण कागदोपत्री अमेरिकेने मेट्रिक कधीच नाकारलेले नाही. १८६६ मध्ये तेथे ही मापे कायदेशीर झाली, १८७५ च्या मीटर करारावर सही करणाऱ्या पहिल्या देशांत अमेरिका होती, आणि १८९३ पासून तिचा यार्ड व पौंड हे मीटर आणि किलोग्रॅमवरूनच ठरवले जातात. १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर.

अडले ते सक्तीपाशी. १९७५ च्या कायद्याने बदल ऐच्छिक ठेवला, त्यासाठी मंडळ नेमले पण त्याच्या हाती कोणतेही अधिकार दिले नाहीत, आणि १९८२ मध्ये ते मंडळही बंद केले. बदल ऐच्छिक असला की जो आधी बदलेल त्याचाच खर्च होतो, आणि म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याची वाट पाहत बसतो.

हा खर्च किती खोल जातो, हे नागदेवी स्ट्रीटवर नट-बोल्ट विकणाऱ्याला सांगावे लागणार नाही. पाव इंची बोल्टचा व्यास ६.३५ मिलिमीटर आणि त्याच्या नेहमीच्या जाड आट्यांची संख्या इंचाला २०. एम-६ बोल्टचा व्यास ६ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही. पाकिटावरील लेबल एका रात्रीत बदलता येते. परंतु आटे पाडणारे टॅप व डाय, माप तपासणारे गेज, पाने आणि वीस-तीस वर्षे चालणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग दोन्ही मापांत बाळगावे लागतात, आणि तो भुर्दंड छोट्या कारखानदाराला अधिक जाणवतो.

जुना_काटा: आपली तुलना मुळात समान पायावरची नाही. येथे मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर सरकारी मण ८२ पौंडांहून थोडा अधिक होता. शेरही गावोगाव बदलत असे. मेट्रिक माप कोणत्याच प्रांताचे नसल्यामुळे ते स्वीकारताना कोणी हरले नाही, शिवाय तेव्हा आपला यंत्रोद्योग लहान होता. अमेरिकेत याउलट देशभर एकच पद्धत सुरळीत चालू होती आणि तिच्यावर अवाढव्य उद्योग उभा होता. चालते ते मोडण्यासाठी कारण लागते, आणि मतदाराला पटेल असे कारण तेथे कोणी दिले नाही.

कॉटन_ग्रीन: आपणही फार पाठ थोपटून घेऊ नये. रुईचा भाव आजही खंडीला सांगतात, आणि ही खंडी सुमारे ३५६ किलोंची, म्हणजे जुन्या ७८४ पौंडांची आहे. सातबारावर हेक्टर-आर लिहिलेले असतात, दलाल मात्र गुंठ्यांत बोलतो. वाळू ब्रासने येते आणि फ्लॅटची चर्चा चौरस फुटांत होते. काटा तपासायला निरीक्षक येतो तेथे किलो पोहोचला, एवढेच खरे. अमेरिकेतही औषधे मिलिग्रॅममध्ये, वाइन ७५० मिलिलिटरच्या बाटलीत आणि मोटारी बहुतांशी मेट्रिक मापांतच तयार होतात.

साकीनाका_लेथ: मग १९९९ मध्ये मंगळाजवळ यान गमावल्यावरही त्यांना जाग कशी आली नाही?

टॅप_आणि_डाय: एका बाजूची संगणकप्रणाली आवेग, म्हणजे यानाला मिळणारा धक्का, पौंड-सेकंदांत देत होती आणि दुसरी बाजू तो न्यूटन-सेकंद समजत होती, हे खरे. पण ते नुकसान नासाचे झाले. ओहायोमधल्या सुताराला त्यामुळे आपली टेप बदलावीशी वाटण्याचे कारण नव्हते. आपल्यापुरते सांगायचे तर इंचाचे मिलिमीटर करताना २५.४ ने गुणून आलेला आकडा सोयीसाठी गोल करू नये, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरकही त्याच गुणकाने बदलावा, आणि ग्राहकाने दिलेला इंचाचा आटा मेट्रिक आट्याने परस्पर बदलू नये.