उदोनच्या दुकानातले अनुभव : तुमचाही सांगा

तोक्यो, निशी-कासाई

जपानात नव्यानं येणारा प्रत्येक जण आधी सुशीचं विचारतो, मग रामेनचं. उदोनचं, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचं, कुणी फारसं विचारत नाही. माझ्या मते मात्र इथे राहणाऱ्या माणसाला रोजच्या जेवणासाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे उदोनचं दुकान. स्वस्त, ताजं, आणि एकट्यानं जाऊन बसलं तरी अवघडल्यासारखं होत नाही. म्हणून हा धागा. आधी मी माझं सांगतो, मग तुम्ही लिहा.

सेल्फ पद्धतीच्या दुकानात पहिल्यांदा जाणारे गोंधळतात, कारण मागची रांग थांबत नाही. क्रम असा असतो. ट्रे उचलायचा. पहिल्याच माणसाला प्रकार आणि आकार सांगायचा. ‘काके, नामी’ एवढं म्हटलं तरी पुरतं : गरम रश्श्यातलं साधं उदोन, मध्यम वाटा. पुढे तेम्पुराची, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या पदार्थांची, फळी लागते, तिथे चिमट्यानं हवं ते बशीत घ्यायचं. पैसे भरायचे. त्यानंतर कांद्याची पात, किसलेलं आलं आणि तेंकासु, म्हणजे तेम्पुरा तळताना उरलेला पिठाचा कुरकुरीत चुरा. हे तिन्ही बहुतेक ठिकाणी फुकट असतं. पाणी आपलं आपण घ्यायचं. खाऊन झालं की ट्रे ठरलेल्या खिडकीशी नेऊन ठेवायचा आणि ‘गोचिसोसामा’ (जेवणाबद्दल आभार) म्हणायचं. आतून उत्तर येतंच.

मारुगामे सेइमेनची दुकानं आता जगभर आहेत. नाव कागावा प्रांतातल्या मारुगामे शहराचं, पण त्यांचं पहिलं दुकान २००० साली ह्योगो प्रांतात, काकोगावात निघालं. साखळी दुकान असूनही नूडल्स तिथल्या तिथे, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर करतात, हे मला फार आवडतं. हंड्यातून काढलेल्या नूडल्स लगेच थंड पाण्यात धुतात. त्यानं वरचा चिकट थर निघून जातो आणि आतला ताण, म्हणजे चावताना जाणवणारा लवचीकपणा, टिकतो. गरम उदोन हवं असेल तर धुतलेल्या नूडल्स पुन्हा क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवतात. फक्त कामाआगे धुवत नाहीत. ते हंड्यातून थेट लाकडी भांड्यात, उकळीच्या पाण्यासकट येतं. म्हणून ते मऊ लागतं.

माझा आग्रह एकच, पहिल्या खेपेला काकेच घ्या. वर काही नको, पात तेवढी चालेल. रस्सा आणि नूडल्स यांत लपायला जागा नसते, दुकान कसं आहे ते लगेच कळतं. तेम्पुरा पुढच्या वेळी.

ताकामात्सू, कागावा (मूळ रत्नागिरी)

दादा, काकेचं अगदी पटलं. मी कागावातच शिकते, त्यामुळे इथलं जरा सविस्तर लिहिते.

हा जपानातला आकारानं सगळ्यात लहान प्रांत. पाऊस कमी. जुन्या काळापासून तळी बांधून पाणी साठवायची पद्धत, त्यामुळे भातापेक्षा गव्हाला सोयीची जमीन. समुद्राकाठी मीठ पिकायचं, समोरच्या शोदोशिमा बेटावर सोया सॉस होतो आणि इबुकी बेटाजवळ इरिको मिळतात. गहू, मीठ, सोया सॉस, मासळी, उदोनला लागणारं सगळं इथेच. आता पीठ बहुतांशी ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचं असतं. प्रांतानं ‘सानुकी नो युमे’ हा स्वतःचा गहू तयार केला आहे (सानुकी हे कागावाचं जुनं नाव) आणि काही दुकानं तो अभिमानानं वापरतात.

इरिको म्हणजे उकडून वाळवलेले बारके मासे. पहिल्यांदा ताकामात्सूत गल्लीतल्या एका दुकानात शिरले आणि तो वास आला, तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या घरी पावसाळ्यात डब्यातली सुकी मासळी बाहेर निघते ना, त्याच घराण्यातला वास, फक्त फार हलका. तोक्योत खाल्लेल्या रश्श्यात कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाचा, धुरकट वास पुढे असतो. इथे इरिको पुढे येतो आणि घोटाच्या शेवटी किंचित कडवटपणा राहतो. मला तोच हवासा वाटतो.

खेड्यातल्या जुन्या दुकानांत अजून वेगळं चालतं. वाडग्यात थंड नूडल्सचा गोळा हातात देतात. तो आपण बांबूच्या दांड्याच्या गाळणीत घालून उकळत्या पाण्यात हलवायचा, पाणी झटकायचं, वाडग्यात ओतायचा आणि टाकीच्या नळाखाली धरून रस्सा भरायचा. पाणी नीट झटकलं नाही तर रस्सा पातळ होतो. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी न बोलता माझ्या हातातली गाळणी घेतली, दोनदा जोरात झटकली आणि परत दिली. तेव्हापासून मी तशीच झटकते.

वेळेचं भान ठेवा. यातली बरीच दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि नूडल्स संपल्या की बंद. दुपारी दोनला पोचलात तर पडदा उतरवलेला दिसेल. साधं काके अजूनही तीनशे-चारशे येनच्या घरात मिळतं.

ओसाका

आमच्याकडे रश्श्याचा रंग बघून तोक्योचे लोक दचकतात. वाडग्याचा तळ दिसतो. जुन्या काळी होक्काइदोचा कोम्बु (वाळवलेलं समुद्री शेवाळ) जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावरून ओसाकाला यायचा, त्यामुळे इथल्या दाशीत, म्हणजे रश्श्याच्या मूळ पाण्यात, कोम्बु मुख्य. सोया सॉसही फिका वापरतात. फिका म्हणून कमी खारट समजू नका, उलट त्यात मीठ जास्त असतं. तोक्योकडे कात्सुओबुशी आणि गडद सॉस. हा फरक इतका पक्का की कपात मिळणारं इन्स्टंट ‘दोम्बेइ’ उदोनसुद्धा पूर्वेसाठी वेगळं आणि पश्चिमेसाठी वेगळं बनतं. झाकणावर अक्षर असतं. माझे सासरे आले की तोक्योहून पूर्वेचा कप आणवून दोन्ही शेजारी ठेवून चाखतात.

ओसाकात आलात तर किट्सुने उदोन खा. तळलेल्या तोफूची गोडसर आबुराआगे पहिल्या घासाला आख्खी चावू नका, रश्श्यात दाबून ठेवा. तिचा गोडवा हळूहळू रश्श्यात उतरतो आणि वाडगं संपता संपता चव बदललेली असते. आणि इथे तानुकी मागितलंत तर तेंकासुचं उदोन येणार नाही. आबुराआगे घातलेलं सोबा, म्हणजे बकव्हीटच्या नूडल्स, येईल. तोक्योहून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

पुणे (सध्या कोबे)

सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेली आहे. आम्ही त्या बागेच्या जवळच वाढलो, त्यामुळे आई जपानला आली तेव्हा तिला मूळ बाग पाहायचीच होती. ती पाहिली, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर आगगाडीनं सेतो पूल ओलांडून कागावात गेलो. १९८८ साली झालेला हा पूल. गाडी खालच्या मजल्यावरून जाते आणि दोन्ही बाजूंना बेटं दिसत राहतात. आईनं सगळा वेळ खिडकी सोडली नाही.

कोतोहिराला कोंपिरासान देवस्थान आहे, मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या. आई जेजुरी चढलेली बाई, दोनदा बसली पण वर पोचली. खाली उतरल्यावर तिथल्या नाकानो उदोन शाळेत गेलो, जिथे पाहुण्यांना उदोन करायला शिकवतात. पीठ आणि मिठाचं पाणी मळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी जमिनीवर ठेवली आणि शिकवणाऱ्या बाईंनी गाणं लावून सांगितलं, आता यावर नाचा. आई माझ्याकडे बघत राहिली. “अगं, अन्नावर पाय?” मी तिला म्हटलं, पिशवी आहे, मोजे आहेत, आणि हाताच्या जोरानं हे पीठ मळलंच जात नाही. ती तयार होईना. मग बाईंनी तुडवून झालेला गोळा तिच्या हातात दिला. आईनं अंगठ्यानं दाबला, खड्डा सावकाश वर आला. ती म्हणाली, “पुरणपोळीची कणीक तिंबून झाल्यावर अशीच परत येते.” नंतर तिनं डोक्याला हात लावून नमस्कार केला आणि पिशवीवर उभी राहिली.

मीठ किती, हे तिनं तीन वेळा विचारून घेतलं. जुना हिशेब असा : कडक उन्हाळ्यात मिठाच्या एका मापाला तीन मापं पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, मधल्या ऋतूंत पाच. उकाड्यात पीठ सैल पडतं, मीठ त्याला घट्ट धरतं, म्हणून उन्हाळ्यात मीठ जास्त. हे मीठ नूडल्स उकळताना बरंचसं पाण्यात निघून जातं, त्यामुळे खाताना खारट लागत नाही. शेवटी प्रमाणपत्र म्हणून लाटणं मिळालं. ते आईच्या स्वयंपाकघरात आहे आणि रोज वापरात आहे.

नागोया

आमच्याकडचं मिसो निकोमी, म्हणजे मिसोत शिजवलेलं उदोन, जिभेला सवय व्हायला वेळ घेतं. गडद हाच्चो मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), मातीचं भांडं, समोर आल्यावरही उकळतंय. नूडल्स मीठ न घालता मळतात, त्यामुळे त्या शिजूनही कडक लागतात. कच्च्या राहिल्यात म्हणून परत पाठवू नका, त्या तशाच असतात. भांड्याच्या झाकणाला वाफेचं भोक नसतं, कारण झाकण उलटं करून त्यात नूडल्स काढून निववायच्या असतात. घाई असेल तर शिनकानसेनच्या फलाटावर उभ्यानं किशिमेन खा. चपट्या नूडल्स, पुढच्या गाडीपर्यंत जेवण उरकतं.

योकोहामा

माझं छोटंसं. मागच्या थंडीत ताप येऊन पडलो होतो. शेजारच्या काकू दारात पिशवी ठेवून गेल्या, आत फ्रोझन उदोन, अंडी आणि पात. इथे आजारी माणसाला उदोन देतात. फ्रोझन उदोनमध्ये बहुतेकदा टॅपिओका स्टार्च असतो, त्यानं नूडल्स घरीही लवचीक राहतात. रश्श्यात अंडं सोडून खाल्लं. अंगात जीव आला.

तोक्यो, पण शाकाहारी

सगळ्यांचं वाचून छान वाटलं. माझ्यासारख्यांसाठी मात्र खरं काय ते स्पष्ट लिहायलाच हवं. आमचं घर माळकरी, मी मासे खात नाही. उदोनच्या नूडल्स पीठ, मीठ आणि पाण्याच्या, त्यात अंडं नसतं. अडचण रश्श्याची आहे. जवळजवळ प्रत्येक दाशीत कात्सुओबुशी किंवा इरिको असतोच. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या मनात दाशी मांसात मोडतच नाही. एका दुकानात मला खात्रीनं शाकाहारी म्हणून वाडगं दिलं आणि अर्धं खाल्ल्यावर तळाशी माशाचे तुकडे दिसले. कुणाचा हेतू वाईट नव्हता, पण मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

वर कुणी किट्सुने सुचवलं आहे, पण ती आबुराआगे दाशीतच शिजवलेली असते. करी उदोनमध्येही दाशी असते. भाज्यांचा तेम्पुरा कोळंबीच्याच तेलात तळतात आणि पिठात अंडं असू शकतं. मी काय करते? कमी गर्दीच्या वेळी जाते, नूडल्स थंड आणि कोरड्या मागते, त्यावर आलं, किसलेला मुळा, पात, लिंबू आणि माझ्या पर्समधला साधा सोया सॉस. टेबलावरच्या बाटलीवर भरवसा ठेवू नका, तो बऱ्याचदा दाशी मिसळलेला असतो. असं खाल्लेलं उदोन फार सुंदर लागतं. चावताना गव्हाची चव येते, जी रश्श्यात तितकी कळत नाही.

ताकामात्सू, कागावा

ताई, तुमचं वाचून इथल्या किजोयु उदोनची आठवण झाली, धुतलेल्या नूडल्सवर नुसता सोया सॉस. आमच्याकडे कित्येक जण आवडीनं तेच मागतात, तेव्हा तुमची मागणी इथे कुणाला वेगळी वाटणार नाही. सॉस साधा आहे का दाशीचा, एवढं विचारून घ्या. घरच्या रश्श्याला काय वापरता?

तोक्यो, पण शाकाहारी

कोम्बु आणि सुकं शिइताके मशरूम. दोन्ही रात्री थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी मंद आचेवर गरम करायचं आणि उकळी यायच्या आत कोम्बु काढून घ्यायचा, नाहीतर बुळबुळीत होतं. मग सोया सॉस, थोडं मिरिन (स्वयंपाकाची गोड तांदळाची दारू), मीठ. बौद्ध मठांतली दाशी अशीच असते. मी वरून शिचिमी हा तिखट मसाला घालते, मुलगा मेतकूट घालतो.

फुकुओका

सानुकीच्या ताणाचं एवढं कौतुक झालं, आता मऊ उदोनची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे. हाकाताचं, म्हणजे आमच्या फुकुओकाचं, उदोन मुद्दाम मऊ असतं. इथल्या जोतेन-जी देवळात उदोन आणि सोबा इथूनच सुरू झाल्याचं सांगणारा दगड आहे. इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे आणि मऊपणाबद्दल ते कुणाचं ऐकून घेत नाहीत.

बाबा आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांची कवळी नवीन होती. भात सोडला तर काही चावेना. त्यांना माकिनो उदोन नावाच्या दुकानात नेलं. तिथे नूडल्स वाडग्यातला रस्सा पीत राहतात, आपण खातोय आणि वाडगं भरतच चाललंय असं वाटतं. म्हणून टेबलावर रश्श्यानं भरलेली किटली देतात. बाबांनी किटली स्वतःच्या बाजूला ओढून घेतली आणि मला म्हणाले, “हे आमटीसारखं वाढून घ्यायचं ना?” वर गोबोतेन मागवलं, गोबो (बर्डॉक) या झाडाच्या मुळाची भजी. ती रश्श्यात बुडवून मऊ केली की कवळीलाही चालते. भारतात परत जाईपर्यंत दर रविवारी आमचं दुपारचं जेवण तिथेच व्हायचं. वयस्कर आईवडील येणार असतील आणि खाण्याची काळजी वाटत असेल, तर त्यांना आधी इकडे आणा. बारा वाजायच्या आत पोचलात तर रांग लागत नाही.