बॅटरीआधी पिना बघा
पावसाळ्यानंतर ई-सायकलचा डिस्प्ले चढावर मध्येच बंद पडतो, बॅटरी गेली का, असं एकाने विचारलंय. एवढ्यात बॅटरीवर खापर नको. सिस्टिम बंद करून बॅटरी काढा आणि तिच्या पिना (विजेचे जोड) बघा. हिरवट थर दिसला तर तो खाऱ्या हवेचा प्रताप. चढावर करंट जास्त खेचला जातो आणि या थरापाशीच व्होल्टेज पडतं, म्हणून डिस्प्ले बंद होतो. सुक्या मऊ ब्रशने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करणारा स्प्रे) मारा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

गुहागरच्या पुळणीवरून आलात की सायकल गोड्या पाण्याने हलकेच धुवा. प्रेशर वॉशर अजिबात नको, बेअरिंगांत पाणी शिरतं. मिड-ड्राइव्हचा (पेडलपाशी बसवलेल्या मोटरचा) सगळा जोर चेनवर. १२ स्पीडची चेन ०.५ टक्के ताणली की बदला, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) जाते (खरा खर्च तोच). आषाढात सायकल उभीच राहणार असेल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून घरात. पडवीत नको.