पुरात वाहून गेलेलं डिझेलचं बॅरल सापडलंय, गाळून वापरता येईल का?

उसातला_गडी:

रामराम मंडळी. आमचं गाव कृष्णेच्या काठाला, पलूस तालुका. यंदा, २०२१ ला, पाणी २०१९ एवढं नव्हतं (तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाला ५७ फूट लागलं होतं), तरी वस्तीवरच्या शेडात छातीएवढं आलंच. ट्रॅक्टर आदल्या रात्री माळाला नेऊन लावला, म्हसरं पाहुण्यांकडं हलवली. राहिलं ते डिझेलचं बॅरल. २०० लिटरचं, आत दीडशेच्या आसपास माल. एवढं जड धूड कुठं जातंय म्हणून तसंच ठेवलं, तर ते गेलं की हो! पाणी उतरल्यावर दोन शेतं पलीकडं चुलत्यांच्या उसात आडवं पडलेलं सापडलं. आमचंच आहे हे ओळखलं ते पोरीनं त्यावर चुन्यानं नाही, ऑइलपेंटनं काढलेल्या मांजरावरनं.

मोठं बूच घट्ट होतं. बारकं बूच मात्र हातानं फिरत होतं, वायसर गेलेला. चौघांनी उभं केलं, काठी घालून बघितली तर खालची चार बोटं चॉकलेटी चिखल आणि पाणी. वरचं डिझेल लिंबू सरबतासारखं धुरकट. वास डिझेलचाच.

डिझेल यंदा (२०२१ ला) लिटरला ९५ च्या पुढं गेलंय, म्हणजे चौदा हजारांचा माल. पंचनाम्याला आलेल्या साहेबांच्या कागदात बॅरलला रकानाच नव्हता. धोतराच्या चार घड्यांतनं पाच लिटर गाळून बघितलं. चिखल कापडावर राहिला, पण धुरकटपणा जसाच्या तसा. घरात जुनं ८ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, २०११ चा ट्रॅक्टर आहे, आणि भावाची नवी पिकअप. भाऊ म्हणतोय, मला दे थोडं, फिल्टर असतोय की गाडीला. कशातनं गाळू? का नाद सोडू?

हौशी_मेकॅनिक:

तुरटी फिरवा दोन वेळा. पुराच्या पाण्याला चालते तर डिझेलला का नाही? गाळ खाली बसेल.

पंपावरचा_माणूस:

तुरटी पाण्यात विरघळते भाऊ, डिझेलात खडा नुसता खडाच राहील. 😀

मी सात वर्षं पेट्रोल पंपावर होतो. आमच्याकडे टाकीत पाणी बघायला पेस्ट असते. गजाच्या टोकाला लावायची, टाकीच्या तळाला टेकवायची, पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत रंग बदलतो. ओळखीच्या पंपावर मागा, बोटभर देतील. काठीवर चार बोटं दिसली ती अंदाजानं. पेस्टनं नेमकं कळेल.

दुसरं, घनता बघून घ्या. पंपावर हायड्रोमीटर असतोच, गिऱ्हाइकानं मागितला की दाखवावा लागतो. चांगलं डिझेल १५ अंशाला ०.८१ ते ०.८४५ च्या मधे भरतं. पुरात कुणाचं रॉकेल, कुणाचं जळकं ऑइल तरंगत येतं, ते शिरलं असेल तर आकडा हलेल. पण एक ध्यानात ठेवा, थोडं पाणी असेल तर घनतेत ते कळत नाही. आकडा बरोबर आला म्हणून डिझेल कोरडं, असं धरू नका.

पंपरूमवाला:

मी डिझेल पंप आणि नोझलचं काम करतो, ३१ वर्षं झाली. २०१९ च्या पुरानंतर दोन महिने माझ्या टेबलावर दुसरं कामच नव्हतं. सगळ्यांची एकच कथा, "गाळून घातलं होतं हो." कशानं गाळलं विचारलं की कुणी धोतर सांगायचं, कुणी बायकोची साडी, एकानं चहाची गाळणी सांगितली.

आधी बॅरल का वाहिलं ते सांगतो, कारण पुढच्या वर्षी कामाला येईल. दीडशे लिटर डिझेल म्हणजे सव्वाशे किलो. रिकामं बॅरल वीसेक किलो. झाले १४५. बॅरल पूर्ण बुडवायचं तर ते दोनशे किलोच्या वर पाणी बाजूला सारतं. मग तरंगणार नाही तर काय? खांबाला साखळी घाला, आणि दोन्ही बुचांचे वायसर मिरगाआधी बदला.

आता चार बोटं. सात सेंटिमीटर धरू. बॅरलचा आतला व्यास ५७ च्या आसपास, म्हणजे सेंटिमीटरला अडीच लिटर. सतरा-अठरा लिटर पाणी आणि गाळ खाली आहे. हे पाणी काही मोठं संकट नाही, ते दिसतंय आणि काढता येतंय. घोर आहे तो तुम्ही सरबत म्हणालात त्याचा. तो धुरकटपणा म्हणजे डिझेलात अडकलेले पाण्याचे बारीक थेंब. कापडाची वीण त्यांच्यापुढं वेशीच्या दरवाजाएवढी आहे, थेंब त्यातनं सरळ चालत जातात. काळ्या रानातल्या मातीचे बारीक कणही तसेच जातात.

त्यावर पहिला इलाज म्हणजे बॅरलला हात न लावणं. दहा मायक्रॉनचा थेंब, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याएवढा, डिझेलातनं दिवसाला जेमतेम फूटभर खाली उतरतो. पाच मायक्रॉनचा अर्धा फूट उतरेल असं वाटेल, पण तसं नाही. आकार निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो, पाव फूट फक्त. बॅरल पावणेतीन-तीन फूट उंच. करा हिशोब. तीन दिवसांत मोठे थेंब बसतील, बारक्यांना बारा दिवस. मधे कुणी बॅरल ढकललं, "बघू तरी" म्हणून काठी फिरवली, की मागचे दिवस वाया. उन्हातही नको. दिवसा तापून रात्री निवतं तसं आतलं डिझेल वरखाली फिरत राहतं. शेडात सावलीला, एका बाजूला विटेचा तुकडा घालून जरा तिरकं ठेवा, म्हणजे पाणी एका कडेला जमेल. जमणारी कडा मोठ्या बुचाखाली येऊ द्या.

बारा दिवसांनी पारदर्शक नळी मोठ्या बुचातनं अलगद तळाला सोडायची आणि हातपंपानं आधी पाणी ओढून घ्यायचं. तोंडानं नळी ओढू नका. आमच्याकडचा एक पोरगा त्यानं आठ दिवस दवाखान्यात होता. डिझेल पोटात गेलं तर एकवेळ निभतं, छातीत गेलं की फुप्फुस सुजतं. नळीत पाणी संपून डिझेल दिसलं की थांबा. दोन तास जाऊ द्या, मग नळी वर उचलून वरनं डिझेल काढायला लागा. तळाचं वीस लिटर सोडून द्यायचं. इथंच लोकांचा जीव वरखाली होतो. वीस लिटरच्या लोभानं माणूस नळी खाली दाबतो आणि बसलेलं सगळं पुन्हा वर येतं.

गाळायचं यानंतर. जुन्या बाजारात ट्रॅक्टरचा जोड फिल्टर घ्या, एका फळीवर ठोका. पहिल्यात कापडी एलिमेंट, दुसऱ्यात कागदी, दोन्ही नवीन. कॅन माळ्यावर, पाच-सहा फूट उंच. डिझेल आपल्या वजनानं उतरू द्या. पंपानं रेटू नका. कागदी फिल्टरला पाणी आवडत नाही, ओला झाला की फुगतो आणि चोंदतो. म्हणून तर आधी थांबायला सांगतोय. लोक उलटं करतात, आधी गाळतात, फिल्टर चोंदला की त्याला भोक पाडतात. खोटं नाही, भोक पाडलेला फिल्टर मी स्वतः हातात घेतलाय.

निघालेलं डिझेल काचेच्या पांढऱ्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाटलीमागं पेपर धरा. बारीक टाइप स्वच्छ वाचता आला आणि तळाला मोत्यासारखा थेंब नसला तर ठीक.

भावाच्या पिकअपमधे एक थेंबही घालू नका. तिथं कॉमन रेल आहे (एकाच नळीतनं सगळ्या इंजेक्टरना दाबानं डिझेल देणारी नवी पद्धत), दीड हजार बारच्या वर प्रेशर, आणि इंजेक्टर बदलायचा म्हणजे मोठा खर्च. तुमच्या ट्रॅक्टरचं नोझल दोनेकशे बारला उघडतं, तो जुन्या पद्धतीचा आहे, तरी त्याच्या पंपातला प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि बॅरल (तुमचं नव्हे, पंपातलं) यांच्यात फट दोन-चार मायक्रॉनची. पाणी गेलं की तिथं गंज धरतो, प्लंजर चिकटतो. रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) उघडा असताना अडकला तर इंजिन पळत सुटतं आणि बंद करायला कुणी धजत नाही. म्हणून सुरुवात ८ हॉर्सपॉवरच्या इंजिनात करा, तेही निम्मं ताजं मिसळून.

रानवाट_७८:

तव्यावर टाकून बघा ना सरळ. तापलेल्या तव्यावर थेंब टाकला आणि चर्र वाजलं की पाणी आहे. आमचे अण्णा असंच बघायचे.

पंपरूमवाला:

अण्णा इंजिन ऑइल बघत असतील. ते तव्यावर टिकतं. डिझेल तापल्या तव्यावर वाफ होऊन भपकन् पेटतं. चुलीजवळ डिझेल नेऊ नका, बाटली पुरते.

रानवाट_७८:

बरं झालं विचारलं. 🙏

चिपळूणकरीण:

आमच्याकडे २२ जुलैला पाणी घुसलं त्यात स्कूटर बुडाली. टाकीत पाच लिटर पेट्रोल होतं. तेही असंच बारा दिवस ठेवून वरचं काढू का? नवऱ्यानं बाटलीत काढून ठेवलंय, खाली स्वच्छ थर दिसतोय.

पंपावरचा_माणूस:

ताई, ते टाकून द्या. पेट्रोलात इथेनॉल असतं आणि इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल लिटरमागे पाचएक मिलि पाणी कसंबसं सामावून घेतं. त्याच्या वर गेलं की इथेनॉल पाण्याचा हात धरून खाली जाऊन बसतं. तुम्हाला दिसतोय तो थर नुसत्या पाण्याचा नाही. वर उरलं त्यातनं इथेनॉल गेलेलं, त्याचा ऑक्टेनही (ठोके न देता जळायची ताकद) उतरलेला. कुठल्याच फिल्टरनं ते परत जुळत नाही.

उसातला_गडी:

म्हणजे आमच्याच उसाच्या मळीतनं निघालेलं इथेनॉल आमच्याच पुराच्या पाण्यात गेलं म्हणायचं!

चिपळूणकरीण:

😀 पाच लिटरला दंडवत घातला.

उसातला_गडी:

मंडळी, आज तेरावा दिवस. सविस्तर सांगतो.

बारा दिवस बॅरलला हात लावला नाही. म्हणजे मी नाही लावला. पाचव्या दिवशी भाऊ काठी घेऊन उभा होता, आईनं हाकलला. काल सकाळी पाणी ओढलं, १९ लिटर निघालं. पहिलं पाणी कॉफीसारखं. शेवटी पाण्याच्या आणि डिझेलच्या मधोमध साईसारखी काळपट चिवट पापुद्री नळीत आली, दोन वेळा नळी तुंबली. ते काय असतं?

वरचं डिझेल स्वच्छ, पिवळसर. फळीवरच्या फिल्टरातनं १२१ लिटर उतरवलं. संध्याकाळी ५ ला लावलं ते रात्री उशिरापर्यंत चाललं, पोरं कॅन बदलत होती. कापडी एलिमेंटवर बोटाला लागेल एवढी माती, कागदी जवळजवळ कोरा. पंपावर घनता बघितली, ०.८३४. बाटलीमागं पेपर धरला तर बाजारभावाचा रकाना वाचता आला. कांद्याचा भाव वाचून उगाच वाचला असं झालं.

इंजिनात निम्मं-निम्मं घालून चार तास पाणी उपसलं. धूर नेहमीचा. फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत दोन थेंब पाणी दिसलं तेवढंच. ट्रॅक्टरला अजून घातलं नाही, धीर होईना. भाऊ दोन दिवस बोलत नाही.

पंपरूमवाला:

ती पापुद्री जिवंत आहे. डिझेल खाणारी बुरशी आणि जिवाणू पाणी-डिझेलच्या सांध्यावर वाढतात. त्यांना पाणी प्यायला लागतं आणि डिझेल खायला. तुमची नळी तुंबली तसा टाकीतनं येणारा पाइपही ते तुंबवतात. पाणी काढलंत म्हणजे त्यांचं घर मोडलं. तरी बॅरल आतून धुवून, उपडं करून पूर्ण वाळल्याशिवाय नवीन माल भरू नका.

वाटीत दोन थेंब आले ते ओतून टाका आणि अजून चार तास चालवा. पुन्हा आले नाहीत तर ट्रॅक्टरला घाला, तिथंही एकास तीन ताजं. दर दिवशी सकाळी फिल्टरखालचा बोल्ट सैल करून अर्धी वाटी सोडून बघा. आठवडाभर बघितलंत की पुरे.

उसातला_गडी:

आणि तळाचं वीस लिटर? कॅनात भरून ठेवलंय. टाकवत नाही हो.

पंपरूमवाला:

ठाऊक होतं. कॅन पांढरा असेल तर शेडातल्या कोपऱ्यात पंधरा दिवस ठेवा, वरचं आठ-दहा लिटर निघेल, तेही इंजिनापुरतंच. उरलेलं काळं ऑइल नेणाऱ्याला द्या. ओढ्यात ओतू नका, तुमच्याच विहिरीत येईल.