संग्रहालयातली कुठली वस्तू तुमच्या मनातून जात नाही?

जुळे सोलापूर
काल लेकीला घेऊन भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक पाहून आले. फोटोसमोर तिने त्यांचं वय विचारलं. जन्म १९१०, युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले १९३८ साली, तिथेच मृत्यू १९४२ मध्ये. म्हणजे बत्तीस. "आपल्या मामापेक्षा लहान," म्हणाली आणि परत मागे जाऊन उभी राहिली. त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. घरी येईस्तोवर मला बोलवेना. तुम्हालाही अशी एखादी वस्तू भेटली असेल तर लिहा. सोलापुरातलीच हवी असं नाही.

अशोक चौक
हैदराबादचं सालारजंग. तासाचे टोल बघायला सगळे घड्याळाकडे पळाले, आमचे नाना (आम्ही वडिलांना नानाच म्हणतो) मात्र 'व्हेल्ड रिबेका'पाशी थांबले. इटलीच्या बेंझोनीने १८७६ साली संगमरवरात घडवलेली बाई, चेहऱ्यावर झिरझिरीत पडदा, आणि पडद्यातून नाक-डोळे दिसतात. पडदाही दगडाचाच! नानांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. म्हणाले, "कापड असं पडायला सूत लई बारीक लागतं. यानं दगडाचं सूत काढलंय." मग हवेतच बोटांनी त्या चुण्या जोखत राहिले. रखवालदाराला वाटलं, मूर्तीला हात लावतायत. नाना त्याच्याशी तेलुगूत काहीतरी बोलले, तो बाजूला झाला आणि स्वतःही बघू लागला.
नाना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या मागावरची एक मयूरपंख चादर घरात आहे. ती मी अंथरत नाही.

विजापूर रोड
धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) निघालेल्या वस्तू जपल्या, त्यांच्याच नावाचं संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती वीतभरही नसेल. तशीच एक पॉम्पेईत सापडली, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात! तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांवर लादून गुजरातच्या भडोच बंदरात जायचं, असं जुन्या ग्रीक वर्णनात आहे. वरच्या नानांबद्दल वाचलं आणि मला त्या गाड्याच आठवल्या.

होटगी रोड
माझा अनुभव रागाचा आहे. एका संग्रहालयात (नाव नको) आजोळी होता तसाच लामणदिवा दिसला. साखळीवरचा मोरसुद्धा तसाच. खाली पाटी: 'दिवा, पितळ'. कुठल्या गावचा, कुणाच्या देवघरातला, काहीच नाही. आजी त्यात रोज तेल घालायची, वात सारायची, हे त्या पाटीखाली लिहावंसं वाटलं.

दक्षिण कसबा
हे संग्रहालय नव्हे, तरी लिहितो. हत्तरसंग कुडल, सीना-भीमेचा संगम. लोक ३५९ चेहऱ्यांचं शिवलिंग बघायला जातात, आम्हीही त्यासाठीच गेलो होतो. पण संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख आहे. "वाछि तो विजेया होइवा." जो वाचील तो विजयी होवो. आमची आज्जी साठीत साक्षरता वर्गात वाचायला शिकली. तिला मी ती ओळ वाचून दाखवली. म्हणाली, "परत वाच की." परत वाचली. तिसऱ्यांदा तिने मला गप्प केलं, पदर सावरला आणि एकेक अक्षर लावत स्वतः म्हटली. चार वेळा अडली. गाडीत बसल्यावर अक्कलकोट रोड लागेपर्यंत पुटपुटत होती.