पाइपची लांबी आणि उदबत्ती
स्पीकरच्या पाइपवाल्या खोक्याचं ट्यूनिंग (ज्या वारंवारतेला खोका आणि पाइपातली हवा घुमते ती) ३८ हर्ट्झचं धरलं, पण खोका ४५ला घुमतोय, असं तुम्ही लिहिलंय. ४० लिटरचा खोका, ७.५ सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप आणि लांबी ११ सेंमी, म्हणजे ४५च येणार! ३८साठी साधारण १७ सेंमी हवा. थोडा लांबच घ्या, मग कापत या.

मोबाइलवरून साइन टोन, म्हणजे एकाच वारंवारतेचा शुद्ध सूर, वाजवा आणि त्याची वारंवारता हळूहळू खाली आणा. जिथे स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जवळजवळ थांबतो आणि पाइपातून जोरात हवा येते, तेच खरं ट्यूनिंग. आवाज मात्र कमी ठेवा, ट्यूनिंगखालच्या सुरांना कोनला खोक्यातल्या हवेचा आधार राहत नाही.

गळतीही तपासाच. माझ्या खोक्यात फुसफुस यायची. टोन चालू ठेवून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवली, तर टर्मिनल प्लेटपाशी (स्पीकरच्या तारा जोडायची पट्टी) धूर थरथरला. प्लेटखाली फोमची पट्टी लावली, फुसफुस बंद.